तुम्ही विचारलंत म्हणून: यूट बरे की मेक्सिकन?

यूट म्हणजे आमच्या दक्षिण कोलोरॅडोतले मूळ रहिवासी आदिवासी. मेसा वर्दे बघून परतणारे असोत, डुरँगोला रेल्वेत बसायला आलेले असोत, की फोनवर सहज चौकशी करणारे, बोलणं फिरून फिरून इथेच येतं. ‘तुमच्याकडे यूटांचं बरं चाललंय की मेक्सिकनांचं?’ त्याच्या पोटात दुसरा प्रश्न असतो. ‘यूटांना गॅसचे पैसे मिळतात, कॅसिनो आहे, दवाखाना फुकट आहे. राबतो तो मेक्सिकन. मग अन्याय यूटांवर झाला असं का म्हणता?’

बरीच वर्षं मी याचं एका वाक्यात उत्तर देत आले: गॅस यूटांकडे, घाम मेक्सिकनांकडे. विचारणाऱ्याचं समाधान व्हायचं आणि विषय संपायचा. ते उत्तर चुकीचं होतं. आज सविस्तर लिहिते, म्हणजे पुढच्या वेळी हेच वाचायला देता येईल.

आधी हे सांगा, कुठले यूट? सरकारमान्य ट्राइब, म्हणजे स्वतःचा कारभार चालवणाऱ्या जमाती, तीन आहेत. गॅसवाले ते इग्नासिओ गावचे सदर्न यूट, सदस्य जेमतेम चौदाशे. त्यांचा पैसा आभाळातून पडलेला नाही. १९७४ साली त्यांनी तेल-गॅसचे नवे भाडेपट्टे देणं बंद केलं, आपल्याच जमिनीवरचे जुने करार तपासायला घेतले आणि १९९२ मध्ये रेड विलो ही स्वतःची कंपनी काढून विहिरी हातात घ्यायला सुरुवात केली. तरीही १९९९ मध्ये सुप्रीम कोर्टात ते हरले. सुमारे दोन लाख एकरांखालचा कोळसा त्यांच्या मालकीचा, पण त्या कोळशात साठलेला मिथेन वायू ‘कोळसा’ या शब्दात बसत नाही, असा निकाल लागला. १९०९ आणि १९१०च्या कायद्यांतल्या एका शब्दावर हे सगळं ठरलं.

दुसरे टोयाकचे यूट माउंटन यूट. इग्नासिओहून गाडीने तासा-दीड तासावर. १९८०चं दशक संपत आलं तरी टोयाकला पिण्याचं पाणी कॉर्टेझहून टँकरने यायचं. ‘यूट श्रीमंत आहेत’ हे वाक्य टोयाकमध्ये उभं राहून म्हणता येत नाही. तिसरे युटाहमधल्या फोर्ट डुशेनचे. १८७९ला व्हाइट रिव्हर एजन्सीवर, म्हणजे यूटांवर देखरेख करणाऱ्या सरकारी कचेरीवर, रक्तपात झाला, त्यानंतर ‘यूटांना हाकला’ अशी आरोळी उठली, आणि १८८१ मध्ये ज्यांना कोलोरॅडोबाहेर काढलं त्यांचे वंशज तिथे राहतात.

आणि कुठले मेक्सिकन? सॅन लुइस खोऱ्यातली जी घराणी १८५१ पासून तिथे आहेत, त्यांनी सीमा ओलांडलेलीच नाही, सीमाच त्यांच्यावरून गेली. ते स्वतःला हिस्पानो किंवा चिकानो म्हणवतात. विसाव्या शतकात शुगर बीटच्या शेतात निंदणी-विरळणीला आलेल्यांची कुटुंबं वेगळी, आणि गेल्या वीस वर्षांत चिवावाहून बटाट्याच्या शेडमध्ये कामाला आलेला माणूस त्याहून वेगळा. जनगणनेत तिघांची खूण एकाच चौकटीत पडते.

जनगणनेवरून आठवलं. ‘सदर्न यूट रिझर्व्हेशनचं सरासरी उत्पन्न’ असा आकडा घेऊन कोणी वाद घालायला आलं तर एवढंच लक्षात ठेवा की यूटांसाठी राखलेल्या त्या हद्दीत राहणारे बहुसंख्य लोक यूट नाहीत. १८९५च्या कायद्याने जमीन माणशी वाटून दिली आणि उरलेली १८९९ मध्ये बाहेरच्यांना खुली केली. घेणाऱ्यांत गोरे होते, तसे न्यू मेक्सिकोहून आलेले हिस्पानोही होते. नकाशा बुद्धिबळाच्या पटासारखा झाला तो तेव्हापासून. त्या आकड्यात यूट आहेत, त्यांच्या शेजारचा मेक्सिकन आहे आणि डुरँगोहून स्वस्त घर शोधत आलेला गोरा शिक्षकही आहे.

दोन समाज मोजायचे तर माणूस कुठल्या समाजाचा हे आधी ठरायला हवं. ट्राइब ते रक्ताच्या हिश्श्यावर ठरवते: सदर्न यूटांत किमान एक चतुर्थांश, यूट माउंटनमध्ये निम्मं, फोर्ट डुशेनला पाच अष्टमांश. आता आई पूर्ण यूट आणि वडील मेक्सिकन असं मूल घ्या. त्याचा हिस्सा चार अष्टमांश. इग्नासिओत ते सदस्य होतं, टोयाकला कसंबसं बसतं, फोर्ट डुशेनला नाव लागत नाही. नाव नसेल तर वाटपात हिस्सा नाही आणि ट्राइबच्या निवडणुकीत मत नाही. मग ते मूल कागदावर ‘मेक्सिकन’ होतं आणि तुमच्या तुलनेत पलीकडच्या पारड्यात जाऊन बसतं.

माझं जुनं उत्तर मला ज्या एका प्रकरणाने सोडायला लावलं, ते मात्र सावकाश सांगावं लागेल.

सॅन लुइस गावाच्या पूर्वेला कुलेब्राचा डोंगर आहे, शिखर १४,००० फुटांच्या वर. गावकरी त्याला नुसतं ‘ला सिएरा’ म्हणतात. मेक्सिकोच्या काळात गव्हर्नर अर्मिहोने हा डोंगर आणि खालचं खोरं मिळून सुमारे दहा लाख एकरांचं सांग्रे दे क्रिस्तो इनाम दोघांना दिलं. त्यातला एक बोबियें नावाच्या व्यापाऱ्याचा अल्पवयीन मुलगा होता. १८४७च्या, अमेरिकी सत्तेविरुद्धच्या ताओसच्या बंडात ते दोघेही मारले गेले आणि इनाम बापाकडे आलं. जमीन ओस ठेवली तर हातची जाईल, म्हणून बोबियेंने न्यू मेक्सिकोतली कुटुंबं आणून वसवली. प्रत्येकाला वारा या मापाने मोजलेली अरुंद पट्टी मिळाली. वारा म्हणजे साधारण ३३ इंच. पट्टी रुंदीला थोडी, लांबीला खूप, म्हणजे ओढ्याकाठची ओल, पाटाखालचं शेत आणि वरचा कोरडा माळ यांचा थोडाथोडा तुकडा प्रत्येकाच्या वाट्याला यावा. पाटाला आसेकिया म्हणतात, पाणी सोडणाऱ्याला मायोरदोमो. तिथल्या पीपल्स डिचचा हक्क १० एप्रिल १८५२चा. कोलोरॅडोच्या पाणी-नोंदीत तो पहिल्या क्रमांकाचा आहे.

त्या पट्टीवर घर चालत नव्हतं, हे शहरातल्या माणसाच्या ध्यानात येत नाही. घर चालायचं पट्टी आणि डोंगर मिळून. उन्हाळाभर मेंढ्या आणि गुरं वर चरायची, म्हणून खालच्या शेतात हिवाळ्याचं गवत वाढायचं. चुलीचं आणि शेगडीचं सरपण वरून यायचं, घराच्या आढ्याची लाकडंही वरूनच. १८६३ मध्ये बोबियेंने लिहून दिलं की चराई, पाणी, सरपण आणि लाकूड यांचा लाभ सगळ्या रहिवाशांना राहील, एकाने दुसऱ्याचं नुकसान करू नये. पुढे इनाम विकत घेणाऱ्या गिल्पिननेही हे हक्क पाळायचं कबूल केलं.

१९६० साली जॅक टेलर या नॉर्थ कॅरोलायनाच्या लाकूड व्यापाऱ्याने त्या डोंगराचे ७७,००० एकर घेतले. ‘स्थानिक लोकांच्या चराईच्या आणि लाकडाच्या हक्कांच्या अधीन’ असं खरेदीखतातच होतं. त्याने रस्ते अडवले, फाटकं बसवली आणि ते हक्क पुसून टाकण्यासाठी संघराज्याच्या कोर्टात दावा लावला. १९६५ मध्ये निकाल त्याच्या बाजूने लागला.

पुढे काय होतं ते क्रमाने बघा. वर चराई नाही, मग मेंढ्या उन्हाळाभर खालच्याच शेतात. त्या तिथे चरल्या की हिवाळ्यासाठी गवत उरत नाही. गवत विकत घ्यावं तर मेंढीच्या किमतीत परवडत नाही, म्हणून मेंढ्या विकायच्या. सरपण नाही म्हणून प्रोपेन घ्यायचा, आणि प्रोपेनला दर महिन्याला रोख पैसे लागतात. रोख पैशासाठी मजुरी शोधायची, ती गावात नाही, म्हणून मुलगा प्युब्लोच्या पोलाद कारखान्यात किंवा डेन्व्हरला. पट्टी कसायला घरी कोणी राहत नाही. आसेकियाच्या वसंतातल्या साफसफाईला माणसं कमी पडतात, आणि साफ न झालेल्या पाटाचं पाणी शेवटच्या शेतापर्यंत पोहोचत नाही. कोस्टिया काउंटी राज्यातल्या सर्वांत गरीब काउंट्यांपैकी आहे, यामागचं मोठं कारण या साखळीत आहे. ‘ते लोक शिकत नाहीत’ असं सहज बोलून जाणाऱ्यांनी ती एकदा सावकाश वाचावी.

१९८१ मध्ये त्या वसलेल्या कुटुंबांचे वारसदार राज्याच्या कोर्टात गेले. खटला चालू असतानाच नव्वदच्या दशकात वर मोठी जंगलतोड झाली. झाडांच्या सावलीत टिकणारा बर्फ लवकर वितळून जातो आणि पीक उभं असताना पाट आटतो, अशी गावाची तक्रार होती. त्या दशकाच्या अखेरीस डोंगर एन्रॉनच्या लू पाय या अधिकाऱ्याने घेतला. एन्रॉन म्हटल्यावर दाभोळ आठवेल, तीच कंपनी. २००२ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने चराई, सरपण आणि इमारती लाकूड हे तीन हक्क मान्य केले. शिकार, मासेमारी आणि नुसतं हिंडणं-फिरणं नाकारलं. हक्क माणसाला नसून जमिनीच्या तुकड्याला आहे, त्यामुळे आपल्या तुकड्याची मालकी मागे नेत बोबियेंच्या काळातल्या वसाहतीपर्यंत भिडवावी लागते. भिडली की फाटकाची चावी मिळते. मृत्युपत्राशिवाय गेलेला एक आजोबा किंवा नोंद न केलेलं एक खरेदीखत मध्ये आलं की साखळी तुटते. फाटक १९६०चं आणि चावी २००२ नंतरची. मधल्या काळात जी माणसं गेली त्यांना डोंगर परत मिळाला असं मी म्हणू शकत नाही.

इथपर्यंत माझी सहानुभूती एका बाजूला होती आणि तिथेच थांबले असते तर सोपं झालं असतं. पण अर्मिहोने दिलेलं ते खोरं मोआची आणि कपोती या यूट टोळ्यांचं होतं. त्यांना कोणी विचारलं नाही. ज्या वसाहतीच्या कागदावर आज फाटक उघडतं, ती त्यांच्या शिकारीच्या आणि चराईच्या जमिनीवर उभी राहिली. १८५४च्या नाताळात यूट आणि हिकारिया अपाचींनी प्युब्लोच्या ठाण्यावर हल्ला केला, त्यात मेलेले बहुतेक मेक्सिकनच होते. १८६८च्या कराराने ते खोरं यूटांच्या हातून कागदोपत्रीही गेलं. ला सिएराच्या तीन हक्कांच्या यादीत यूटांना जागा नाही. तो डोंगर दोनदा गेला, आणि चावी मिळाली ती दुसऱ्यांदा गमावणाऱ्यांना.

‘पण यूटांना भरपाई मिळाली ना?’ हो, १९५० मध्ये दुसऱ्या जमिनींपोटी तीन कोटी डॉलरहून अधिक. युटाहमध्ये त्यापाठोपाठ काय आलं तेही ऐका. १९५४च्या कायद्याने ४९० ‘मिश्र रक्ताच्या’ लोकांना ट्राइबमधून वेगळं काढलं, १९६१ मध्ये त्यांच्यावरचं सरकारी संरक्षण संपवलं आणि हाती शेअर दिले. ज्यांनी शेअर कधी पाहिले नव्हते, त्यांच्याकडून ते स्वस्तात निघून गेले. प्रकरण १९७२ मध्ये सुप्रीम कोर्टात पोहोचलं.

मग मी दुसरं उत्तर तयार केलं: ज्यांच्याकडे अमेरिकी सरकारशी केलेला करार आहे ते तरतात, ज्यांच्याकडे नाही ते बुडतात. पुरावाही होता. मेक्सिको-अमेरिका युद्ध संपवणाऱ्या १८४८च्या ग्वादालूपे इदाल्गोच्या तहातलं जमीन-इनामांना हमी देणारं दहावं कलम अमेरिकी सिनेटने काढून टाकलं. एप्रिल १९३६ मध्ये गव्हर्नर जॉन्सनने राज्याच्या दक्षिण सीमेवर नॅशनल गार्ड उभे केले आणि कामाला येणाऱ्या न्यू मेक्सिकोच्या हिस्पानोंना, जन्माने अमेरिकी नागरिक असलेल्यांनाही, परत पाठवलं. शेतमजुराला १९३५च्या कामगार संघटनेच्या कायद्याने वगळलं आणि १९३८च्या किमान वेतनाच्या कायद्यानेही. यूटाला निदान वॉशिंग्टनशी सरकार म्हणून बोलता येतं, मेक्सिकन मजुराला तेही नाही.

हे उत्तरही टोयाकला जाऊन अडतं. यूट माउंटनचा पाण्याचा हक्क १८६८चा, आजूबाजूच्या गोऱ्या शेतकऱ्यांच्या आधीचा. पण तो कागदावर होता, ओला नव्हता. १९८८च्या तडजोडीत त्यांनी मॅन्कोस नदीवरचा हा जुना हक्क मागे घेतला आणि बदल्यात डोलोरेस प्रकल्पाचं पाणी स्वीकारलं, टंचाई वाटून घ्यायच्या अटीसह. नळ आला तो त्यामुळे, ७,७०० एकरांची शेतीही त्यामुळेच झाली. २०२१च्या दुष्काळात त्या शेतीला पाणी मिळालं दहा टक्क्यांच्या आसपास. मका आणि अल्फाल्फाची बरीच शेतं पडीक राहिली, कामगार कमी करावे लागले. डुरँगोजवळच्या लेक नाइटहॉर्समध्ये त्यांचा मोठा हिस्सा आहे, तळं २०११ मध्ये भरलं, पण तिथून टोयाकपर्यंत पाइपलाइन नाही. पहिल्या क्रमांकाचा पाट असलेलं सॅन लुइस गरीब आहे, आणि १८६८चा हक्क असलेलं टोयाकही.

तेव्हा कोण बरं, याचं उत्तर माझ्याकडे अजून नाही. इग्नासिओतल्या यूटाचं टोयाकच्या यूटापेक्षा बरं आहे. सॅन लुइसच्या जमीनदार हिस्पानोचं कागदपत्रं नसलेल्या बटाटा कामगारापेक्षा बरं आहे. ही वाक्यं मी ठामपणे बोलेन. त्यापुढे गेलं की १८६५ची ती यादी आडवी येते. कोनेहोसचा ‘इंडियन एजंट’, म्हणजे मूळ जमातींसाठी नेमलेला सरकारी अधिकारी, लाफायेट हेड याने कोनेहोस आणि कोस्टिया काउंट्यांत मेक्सिकन घरांमध्ये ठेवलेल्या विकत घेतलेल्या मूळ जमातींच्या लोकांची मोजणी केली. नाव, जमात, वय, कोणाकडून घेतलं. बरीचशी मुलं. नावाहो पुष्कळ, यूटही. काही यूटांनीच पकडून आणून विकलेली. सगळ्यांना बाप्तिस्म्याची स्पॅनिश नावं मिळालेली. ती मुलं त्याच खोऱ्यात मोठी झाली, तिथेच त्यांची लग्नं झाली. त्यांच्या पणतवंडांपैकी कोणाकोणाच्या खिशात आज त्या फाटकाची चावी असणार.