मेकअप फसला तो फसलाच, पण पत्त्याच्या रकान्याने जीव खाल्ला – माझा अनुभव

लग्नातला मेकअप बिघडला तर ग्राहक आयोगात जाता येतं, हे बहुतेकांना ऐकून माहीत असतं. तक्रार लिहिणंही फार अवघड नाही, वकील लावलाच पाहिजे असंही नाही. घोडं अडतं ते एका रकान्यात: सामनेवाल्याचं, म्हणजे जिच्याविरुद्ध तक्रार आहे तिचं, पूर्ण नाव आणि पत्ता. जिचा सगळा धंदा इन्स्टाग्रामवर चालतो आणि जिच्या नावापुढे फक्त 'मेकओव्हर्स' आणि एक मोबाइल नंबर असतो, तिचा पत्ता आणायचा कुठून?

प्रकरण थोडक्यात. बहिणीच्या लग्नाचं पॅकेज ठरलं होतं: सीमांतपूजन, मुहूर्त, रिसेप्शन असे तीन लुक, नऊवारी नेसवणं आणि खोपा धरून. मेकअप एअरब्रशने (हवेच्या दाबाने फवारून) आणि बाई स्वतः करणार. प्रत्यक्षात आली असिस्टंट, तीही उशिरा. तिच्या सामानात कॉम्प्रेसरही नव्हता आणि गनही. रिसेप्शनचा लुक झालाच नाही आणि पैसे परत मागितल्यावर 'ॲडव्हान्स नॉन-रिफंडेबल आहे' एवढंच उत्तर.

तक्रारीत काय लिहायचं हे आधी नीट ठरवा. 'मेकअप आवडला नाही' यावर आयोगात फारसं काही होत नाही, कारण आवडनिवड सिद्ध करता येत नाही. उशीर, माणूस बदलणं, ठरलेली पद्धत न वापरणं, एक लुक गाळणं हे मात्र मोजता येतं. कायद्याच्या भाषेत ही सेवेतली त्रुटी. आमच्याकडे सगळ्यात भक्कम पुरावा निघाला तो फोटोग्राफरकडे. नवरी तयार होतानाच्या फोटोंत असिस्टंटचा चेहरा, टेबलावरचं सामान आणि फाइलमधली वेळ, तिन्ही एकत्र होतं. फोटो मूळ फाइल म्हणूनच मागा, पेनड्राइव्हवर. व्हॉट्सॲपवर साधा फोटो म्हणून आला की आतली वेळेची माहिती गळून जाते. आणि कॅमेऱ्याचं घड्याळ बरोबर होतं का तेही विचारून घ्या.

१९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, नंबर मिळाला. समोर मोठी कंपनी असेल तर तिथे काम होऊ शकतं. एकट्या मेकअपवालीला तिथून आलेल्या निरोपाची काय भीती? हेल्पलाइन आदेश देऊ शकत नाही. तरी नोंदवा, आपण आधी प्रयत्न केला हे दिसतं.

ई-जागृती या ग्राहक आयोगाच्या ऑनलाइन पोर्टलवर तक्रार भरणं सरळ होतं. दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर फी शून्य. इथे मोजतात ती सेवेसाठी मोजलेली रक्कम, मागितलेली भरपाई नव्हे. मग छाननीत शेरा पडला: सामनेवाल्याचा पत्ता अपूर्ण. दुरुस्त करून पाठवावं तर पुन्हा तेच. मी सोसायटीचं नाव टाकलं तर फ्लॅट नंबर हवा. नोटीस जाणार कशी, हा त्यांचा प्रश्न रास्त आहे हे कळतं, पण ती बाई रोज रील टाकतेय, फोनवर बुकिंग घेतेय आणि आपण मात्र ती कुठे राहते हे शोधत बसलोय, याने डोकं फिरतं.

नाव आणि पत्ता काढायच्या ज्या वाटा आहेत त्या सांगतो.

पहिली वाट यूपीआयची. पैसे पाठवताना ॲप जे बँकेतलं नाव दाखवतं, ते ब्रँडच्या नावापेक्षा कामाचं. पेमेंटची पावती उघडून १२ अंकी यूटीआर (व्यवहाराच्या) नंबरसकट जपून ठेवा. पैसे भलत्याच माणसाच्या खात्यात गेले असतील (नवरा, भाऊ, पार्टनर) तर त्यालाही सामनेवाला करता येतं. बँक आपल्याला खातेदाराचा पत्ता देत नाही, विचारण्यात वेळ घालवू नका. पण आयोगाला कागदपत्रं मागवायचे अधिकार आहेत, तसा अर्ज करता येतो.

दुसरी वाट जीएसटीची. बिलावर किंवा कोटेशनवर १५ अक्षरी नंबर असेल तर जीएसटी पोर्टलवर कोणालाही तो टाकून नोंदणीतलं कायदेशीर नाव आणि व्यवसायाचं ठिकाण बघता येतं. अडचण अशी की सेवेसाठी साधारण २० लाखांच्या उलाढालीपर्यंत नोंदणी सक्तीची नाही, त्यामुळे पुष्कळ जणींकडे नंबर नसतोच. नंबर नसताना बिलात 'प्लस जीएसटी' लावलेला असेल तर तो वेगळाच मुद्दा, तक्रारीत जरूर घाला.

तिसरी वाट, आणि आमची गाडी इथेच पुढे सरकली: क्लासेस. लग्नाचे मेकअप करणाऱ्या बऱ्याच जणी अकॅडमीही चालवतात, आणि विद्यार्थिनींना दिलेल्या प्रमाणपत्रावर, फीच्या पावतीवर किंवा जुन्या जाहिरातीत पूर्ण पत्ता छापलेला असतो. प्रोफाइलवरच्या हायलाइट्समध्ये (जपून ठेवलेल्या जुन्या स्टोरींत) शेवटपर्यंत जाऊन बघा. स्क्रीनशॉट घेताना प्रोफाइलचं नाव आणि तारीख दिसू द्या. स्टोरी २४ तासांत जाते, म्हणून दिसली की लगेच घ्या.

लग्नाच्या सेवा देणाऱ्या एखाद्या पोर्टलवरून बुकिंग केलं असेल तर २०२० चे ई-कॉमर्स नियम वापरा. लेखी मागणी केल्यावर मार्केटप्लेसने विक्रेत्याचा पत्ता द्यायचा असतो, आणि तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच द्यायची असते. 'आम्ही फक्त लीड (ग्राहकाची माहिती) पुढे देतो' हे उत्तर तोंडी घेऊ नका, मेलवर घ्या.

पत्ता मिळाला की आधी मागणीची नोटीस पाठवा, १५ दिवसांची मुदत देऊन. कायद्याने ती अट नाही, पण पाकीट पोचतं की परत येतं यावरून पत्ता खरा की खोटा ते कळतं. स्पीड पोस्टने, पोच मिळेल अशा पद्धतीने पाठवा. ट्रॅकिंगचं पान छापून ठेवा. 'घेण्यास नकार' असा शेरा येऊन पाकीट परत आलं तर ते फेकू नका, न फोडता फाइलला लावा. पुढे आयोगाची नोटीस नाकारली तरी ती बजावली गेली असं धरलं जातं.

हे सगळं टळतं कसं, तर ॲडव्हान्स देण्याआधी शॉप ॲक्टच्या पावतीचा किंवा उद्यम (छोट्या उद्योगांच्या सरकारी) नोंदणीचा फोटो मागून. पण त्या कागदाला पात्रता समजू नका. महाराष्ट्रात वीसपेक्षा कमी कामगार असले तर शॉप ॲक्टखाली फक्त सूचना द्यायची असते, तिथे कोणी मेकअप येतो का ते तपासत नाही. मेकअप करायला आपल्याकडे सक्तीचा परवानाच नाही. पात्रता बघायची तर आयटीआयचा कॉस्मेटॉलॉजी ट्रेड, ब्यूटी अँड वेलनेस सेक्टर स्किल कौन्सिल किंवा सिडेस्को या आंतरराष्ट्रीय संस्थेचं प्रमाणपत्र विचारा आणि त्यावरचा नंबर बघा. भिंतीवरची निम्मी सर्टिफिकेटं दोन दिवसांच्या मास्टरक्लासला हजर राहिल्याची असतात. प्रोफाइलवर 'इंटरनॅशनल सर्टिफाइड' लिहिलंय आणि देणारी संस्थाच सापडत नाही, तर तो अनुचित व्यापारी प्रथेचा मुद्दा होतो. त्याचाही स्क्रीनशॉट लावा.

ट्रायलच्या वेळी अंधाऱ्या खोलीत फ्लॅश मारून फोटो काढा. सिलिकाची पावडर जाड बसली किंवा बेसमध्ये टायटॅनियम डायऑक्साइड जास्त असलं की चेहरा पांढराफटक येतो आणि गळा वेगळा दिसतो. आरशात हे कळतच नाही.

काळ्या मेहंदीने किंवा डायने अंगावर पुरळ आलं असेल तर त्वचारोगतज्ज्ञाची चिठ्ठी त्याच दिवशी घ्या, आणि कोन किंवा पाकीट जपून ठेवा. अशा मेहंदीत पीपीडी हे केसांच्या डायमधलं रसायन असण्याची शक्यता असते. त्या उत्पादनाची तक्रार अन्न व औषध प्रशासनाकडे वेगळी करता येते.

चॅट एक्सपोर्ट करून ठेवा, समोरच्याने मेसेज पुसायच्या आत. छापील चॅटसोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३(४) चं, म्हणजे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठीचं, प्रमाणपत्र जोडलेलं बरं.

पैसे वडिलांनी दिले आणि सेवा मुलीने घेतली, तर दोघांनाही तक्रारदार करा. तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यातही तक्रार चालते, त्यामुळे लग्नानंतर मुलगी नागपूरला गेली तर पुण्याला खेपा घालायची गरज नाही. मुदत दोन वर्षांची आहे, पण पत्ता शोधण्यात त्यातलेच महिने जातात.

आमची तक्रार दाखल झाली, नोटीस पोचली. जबाब द्यायला समोरच्यांना ३० दिवस आणि आयोगाने वाढवून दिले तर आणखी १५, त्यापुढे नाही. नोटीस पोचल्यावर बाईंचा फोन आला, 'अर्धे देते, मिटवून टाका.' लेखी पाठवा म्हटलं.