आमची वाटचाल : रात्रभर पुरेल एवढी बॅटरी

परतवाडा सोडून मेळघाटात शिरलं की फोनचं नेटवर्क जातं, आणि नेटवर्क गेलं की फोन गप बसत नाही, तो टॉवर शोधत राहतो न त्यातच बॅटरी खाऊन टाकतो. सकाळी ९० टक्के घेऊन निघालेला माणूस सेमाडोहला पोचेपर्यंत लाल काडीवर आलेला असतो आणि म्हणतो फोनच खराब आहे. फोन खराब नसतो भाऊ, फ्लाईट मोडवर टाका. हे एवढं फुकटचं सांगून झालं की मग आमचा पावर बँक भाड्यानं द्यायचा धंदा सुरू होतो.

दुकान मूळचं मोबाईल रिपेअरिंगचं. परतवाड्याच्या अलीकडं खेड्यात, रोडला लागूनच. डिस्प्ले बदलणे, चार्जिंग पिन, ग्लास, रिचार्ज, जे सगळीकडं चालतं तेच. पावसाळ्यात शनिवार-रविवारी चिखलदऱ्याच्या गाड्या लागायच्या (विदर्भात थंड हवेचं ठिकाण म्हणायला ते एकच, नागपूर-अमरावती-अकोला सगळे तिकडंच पळतात) आणि त्यातले निम्मे लोक काउंटरवर यायचे, दादा जरा अर्धा तास चार्जिंगला लावू द्या. एक्स्टेंशन बोर्ड भरलेला, खाली फोनची रांग, कोणाचा कोणता ते कळेना, आणि वरून लाईन गेली की सगळे माझ्याच तोंडाकडं बघणार. त्यात कमाई कोणाची होती तर बाजूच्या चहावाल्याची. बायको एक दिवस वैतागून म्हणाली, "याइले बसवून कायले ठेवता, भरलेली बॅटरी हातात देऊन वाटेला लावा न, येताना घेऊन येतील." धंद्याची आयडिया ही तिची आहे, मी फक्त तारा जोडल्या.

तर पावर बँक भाड्यानं द्यायला लागलो. डिपॉझिट आणि आधारची झेरॉक्स ठेवायची, वहीत नाव, परत आली की डिपॉझिट परत. वही बायकोकडं.

माल कसला घ्यायचा ह्यात मात्र लय डोकं खपलं. शहरातल्या एका व्यापाऱ्याकडून स्वस्तात एक लॉट आला, डब्यावर ३०,००० एमएएच (बॅटरी केवढी त्याचा आकडा) छापलेलं, वजनही दणदणीत. टेस्टरवर (किती वीज निघते ते मोजायचं यंत्र) लावला तर फोन एकदाच भरून बंद. म्हणून एक फोडला, आत एकच सेल, बाकी दोन खोबणींमध्ये प्लास्टिकच्या पिशवीत बारीक वाळू भरून वर सेलोटेप. वजन कुठून आलं ते तेव्हा कळलं. तो लॉट परत पाठवला, पैसे अर्धेच आले, बाकीचे आजतागायत "सोमवारी देतो" आहेत. तो फोडलेला नग अजून काउंटरच्या काचेत ठेवलाय, गिऱ्हाईक विचारतं हे काय, मग मी सांगत बसतो. त्यानंतर बीआयएसचा आर-नंबर (सरकारी मानक संस्थेकडचा नोंदणी नंबर) असल्याशिवाय माल घ्यायचा नाही हे ठरलं, आणि येणारा प्रत्येक नग यूएसबी टेस्टरवर एकदा पूर्ण रिकामा करून बघायचा, रात्रभर लागतो पण बघायचा.

आणि इथंच आमच्या दुकानाची जी काही ओळख आहे ती तयार झाली असं मला वाटतं. कारण खरा ब्रँडेड माल असला तरी लोकांचा हिशोब चुकतोच. माणूस म्हणतो पावर बँक २०,००० ची, फोन ५,००० चा, म्हणजे चार वेळा भरणार. भरत नाही. ते २०,००० असतं आतल्या सेलच्या ३.७ व्होल्टवर, म्हणजे ७४ वॉट-अवर (आत एकूण वीज किती त्याचं माप). बाहेर निघताना ते ५ व्होल्ट किंवा त्याच्या वर करून निघतं, त्यात काही गरमीत जातं, केबल हलकी असली तर अजून जातं, आणि फोन स्वतः भरताना थोडं खातो ते वेगळंच. हातात ६० च्या आसपास येतात. ५,००० चा फोन साधारण १९ वॉट-अवरचा, मग तीन वेळा, तेही जेमतेम. डब्याच्या मागं बारीक अक्षरात रेटेड कपॅसिटी म्हणून खरा आकडा छापलेला असतो, १२,००० वगैरे, पण तो वाचायला भिंग लागतं. म्हणून आम्ही प्रत्येक नगावर पांढरी पट्टी चिटकवली आणि मार्करनं लिहिलं, "मोठा फोन अडीच वेळा". जुना झाला, टेस्टरवर कमी आला, की खोडून "दोन वेळा" लिहायचं आणि भाडं कमी करायचं. पुण्या-मुंबईकडून आलेली पोट्टी हसतात त्या पट्टीला, पण परत येताना म्हणतात काका बरोबर अडीच वेळाच झाला बरं का.

सोलरवाली पण लोक मागतात, मागं काळी पाटी असलेली. ती मी ठेवत नाही. एवढ्याशा पाटीतून कडक उन्हात एक-दीड वॉट निघतो, दिवसाचं पाच तास चांगलं ऊन धरलं तर सात-साडेसात वॉट-अवर, आता ७४ ला त्यानं भागा. दहा दिवस. आणि तेवढे दिवस ती बॅटरी उन्हात भाजत पडणार. घडीची २० वॉटची वेगळी पाटी घ्या, तंबूवर पसरा आणि बॅटरी सावलीत ठेवा, ते चालतं. ज्याला पटत नाही त्याला पटवत नाही मी आता.

कॅम्पिंगवाले लोक म्हणजे पावसाळा आणि डिसेंबर, बाकी वर्षभर काय? तर आपल्या गावातलेच जागलीवाले आले. इकडं हरभरा-तुरीत रानडुक्कर न रोही (नीलगाय) घुसतात, म्हणून रात्र वावरात काढावी लागते, माळ्यावर (मचाणावर) गोधडी, टॉर्च, आणि आता तो भोंगा आलाय माणसाचं ओरडणं रेकॉर्ड केलेला, तो रात्रभर हाळ्या देतो. शहरातले लोक पैसे देऊन करतात ते आमचे लोक नाईलाजानं करतात, बिना टेंटचं. त्यांच्याकडून एक तक्रार सारखी यायची, की दादा तुमची बॅटरी अर्ध्या रात्री झोपते, लाईट बंद पडतो न सकाळी बघतो तर बॅटरी भरलेलीच. मी नग बदलून देत राहिलो, तरी तेच. मग लक्षात आलं, यूएसबीचा बारका एलईडी इतका कमी करंट ओढतो की पावर बँकेला वाटतं काहीच जोडलेलं नाही आणि ती स्वतःच बंद होते. काही मॉडेलला बटन दोनदा दाबलं की कमी करंटचा मोड लागतो, जागलीसाठी आता तेच देतो. पण त्याच्या आधीच एका म्हाताऱ्या बुवांनी स्वतःच तोड काढली होती, एलईडी झोपला की जोडीला साधा बटनाचा फोन लावायचा, तो भरेपर्यंत बॅटरी जागी राहते, मग काढायचा न दुसऱ्या माळ्यावरच्या गड्याचा लावायचा. मला विचारायला पण आले नाहीत.

शेतकऱ्यांकडून डिपॉझिट घेत नाही. तिथंच वही वाढते.

श्रावणात नागद्वारीच्या यात्रेचा सीझन. नागपंचमीच्या आधी विदर्भातून लोकच लोक पचमढीला जातात, डोंगर चढ-उतार, पाऊस, रात्र कुठंतरी ताडपत्रीखाली. तेव्हा मोठा नग कोणी नेत नाही, चढावर वजन होतं, १०,००० चाच चालतो आणि तो प्लास्टिकच्या दोन थैल्यांत गाठ मारून द्यायचा, केबल वेगळ्या थैलीत. ओली पिन घालू नका, आधी फुंकर मारा, पुसा, वाळू द्या, हे दहा वेळा सांगतो. तरी त्या आठवड्यात पिना जळालेले फोन रिपेअरिंगला येतातच, म्हणजे दोन्हीकडून आपलंच दुकान चालतं म्हणा.

पुढं धाकट्या भावानं स्वतःच्या वावरात टेंट टाकले (जंगलात कोणालाही तंबू टाकू देत नाहीत, ते डोक्यातून काढा). तिथं लाईन नेणं परवडत नव्हतं म्हणून मी एक पेटी बनवली, ३.२ व्होल्टचे एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) सेल चार सिरीजमध्ये, बीएमएस (सेल सांभाळणारी सर्किटची पाटी), वर १२ व्होल्टचे दिवे आणि यूएसबीची चार भोकं. हे सेल जड असतात पण तापले तरी लवकर पेट घेत नाहीत आणि दोन हजार वेळा वगैरे भरून निघतात. निकेलची पट्टी स्पॉट वेल्डिंगनं लावायची, डायरेक्ट सेलवर सोल्डर केलं तर आतला माल भाजतो. ही पेटी विकत द्या म्हणून लोक मागं लागतात. विकत नाही. विकायची तर रजिस्ट्रेशन, टेस्टिंग, ते सगळं आपल्या ऐपतीच्या बाहेर, आणि कोणाच्या घरात काही झालं तर मी कुठं तोंड दाखवू.

उन्हाळ्यात मात्र आमचं काम रात्रपाळीचं. बहुतेक लिथियम सेलला चार्जिंगची मर्यादा ४५ डिग्री, आणि इकडं मे महिन्यात सावलीतच तेवढं असतं. म्हणून दिवसा एकही नग भरायला लावायचा नाही, रात्री अकरानंतर फरशीवर ओळीनं मांडायचे, मध्ये चार बोटं जागा सोडायची. गिऱ्हाइकाला पण सांगायचं की गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवून जंगल बघायला जाऊ नका. फुगलेला नग दिसला की तो बाजूला, भंगारवाल्याला देत नाही, तो हातोड्यानं फोडतो. कॅनमध्ये साठवतो न अमरावतीला ई-कचरावाल्याकडं एकदम पोचवतो. नागपूरहून विमानानं जाणारे विचारतात पावर बँक चालते का, १०० वॉट-अवरच्या आतली चालते, पण हातातल्या बॅगेत, चेक-इनला टाकायची नाही.

आता भाचा इंजिनिअरिंग करून घरी आलाय, तो म्हणतो मामा ॲप काढू, क्यूआर लावू, नग कुठं आहे ते नकाशावर दिसेल. मी म्हणलं नेटवर्कच नाही तिथं कुठून दिसेल रे बाप्पा. बायकोचं म्हणणं वेगळंच, आधी वहीतले मागच्या तुरीपासूनचे थकलेले वसूल करा, मग काढा काय काढायचं ते.