सातवं बटण

"बाय, हांगा न्यूट्रल ना."

जिन्याखालचा बोर्ड उघडून स्टुलावर उभ्या असलेल्या वायरमनने हे असं सांगितलं, जणू घरात मीठ संपलंय. मी लोणच्याच्या फोडी निवडत बसले होते. म्हटलं, मग इतकी वर्षं दिवा कसा लागला?

लागतो. वीज आणणारी तार, म्हणजे फेज, बटणाकडे येते; ती परत नेणारी, म्हणजे न्यूट्रल, परस्पर दिव्याकडे जाते. साध्या बटणाला न्यूट्रलचं काय काम? पण फोनवरून चालणाऱ्या स्मार्ट स्विचला दिवा बंद असतानाही स्वतः जागं राहावं लागतं, आणि त्या जागरणाला त्याची गरज असते. ज्या बोर्डावर प्लग आहे तिथे न्यूट्रल आपसूक असतो. जिना, न्हाणी, मागची पडवी, जिथे एकटंच बटण, तिथे नसतो. न्यूट्रलशिवाय चालणारेही स्विच मिळतात, पण ते दिव्यातूनच थोडी वीज चोरतात, मग एलईडी रात्रभर मिणमिणत राहतो. तो प्रकार मी एकीकडे पाहिलाय. नको.

फोंड्याचं हे घर स्मार्ट करायचं मुलाने बेंगळुरूत बसून ठरवलं. मला गृहपाठ दिला: प्रत्येक बोर्डावरच्या प्रत्येक बटणाने काय लागतं ते लिहून काढ. शंभर पानी वही घेतली. दोन माणसांच्या घरात ५३ बटणं निघाली. काही तर मला हातालाच ठाऊक होती, डोळ्यांना नाही. देवखोलीचं बटण डावीकडे की उजवीकडे, हे लिहिण्यासाठी उठून अंधारात हात पुढे करून बघावं लागलं.

सोप्यावरच्या बोर्डाशी मात्र पेन अडलं. आठ बटणं. सातव्यापुढे काय लिहू?

सातव्याने काहीच लागत नाही. प्रत्येक घरात एक असं असतंच. पाहुणा येतो, पंख्याचं म्हणून तेच दाबतो, मग वर बघत उभा राहतो. "हे कशाचं?" "कशाचं नाही." तरी घराला कुलूप लावण्याआधी मी ते बंद आहे ना बघते. का, ते विचारू नका.

पूर्वी ते मांगराचं होतं. मागच्या बाजूला नारळ, लाकूडफाटा ठेवायचा मांगर, त्यात एक पिवळा बल्ब. बटण सोप्यावर, दिवा घरामागे. लागलाय की नाही हे बघायला स्वयंपाकघराच्या दारापर्यंत जावं लागे. आजी अंथरुणावर पडल्या पडल्या विचारायची, "मांगराचो दिवो बंद केलो?" आम्ही भावंडं उठायचो नाही, नुसतंच "हय" म्हणायचो.

पावसात वीज गेली की आमचा एक उद्योग असे. आली का, आली का करत सगळी बटणं खालीवर करायची. शेवटी कुठलं चालू, कुठलं बंद, कोणालाच पत्ता नाही. मग रात्री दोनला वीज यायची आणि पंखा, ट्यूब, रेडिओ एकदम उठायचे. त्या वेळी कुठलं स्टेशन लागणार? नुसती खरखर. आजोबा अंधारात ज्याला शिव्या घालायचे तो नेहमी चुकीचा मुलगा असायचा. सकाळी कळे की मांगराचा दिवाही रात्रभर जळत होता. खाली पावसाळी पाखरांच्या पंखांचा थर, केरसुणी लावली की उडून परत तिथेच बसणारा.

आता याचीही सेटिंग आहे म्हणे. वीज परत आल्यावर दिवा कसा असावा? चालू, बंद, की आधी होता तसा. मुलगा फोनवर एकेका दिव्याचं विचारत होता. मी सगळ्यांना "बंद" सांगून मोकळी झाले.

मांगर पडून वीसेक वर्षं झाली. एका जुलैत छप्पर बसलं, पाठोपाठ भिंत. चिरे आम्ही कुंपणाला वापरले.

चार वाजता वायरमनने सोप्यावरचा बोर्ड उघडला. आत पालीची दोन अंडी, मटाराएवढी, पांढरी, रिकामी. कुंभारीण माशीचं मातीचं घर. आणि सातव्या बटणाची वायर, जिचं रबर बोट लावताच भुग्यासारखं गळलं. त्याने मेन चालू केला, सातवं दाबलं, टेस्टर लावला. टेस्टर पेटला.

"बाय, ही वायर जिती आसा."

मग आम्ही दोघं तिच्या मागावर निघालो. माळ्यावरून, स्वयंपाकघराच्या वरून, मागच्या भिंतीतून बाहेर. मधुमालतीचा वेल बाजूला केला तेव्हा तिचं टोक दिसलं. कोणीतरी कधीकाळी गुंडाळलेली टेप पावसाने सोलून नेलेली, तांबं उघडं. त्याच्या खाली वीतभर अंतरावर माझी कपडे वाळत घालायची तार. तीही तारच, लोखंडी.

वायरमन काही बोलला नाही. आत जाऊन त्याने मेन पाडला आणि बोर्डापाशीच ती वायर कापली. मी इतक्या वर्षांतले पाहुणे आठवत होते. पंख्याचं म्हणून सातवं दाबून, वर बघत उभे राहिलेले. आणि दाबून तसंच सोडून गेलेलेही असतीलच की.

संध्याकाळी मुलाचा फोन आला. "सातवं कशाचं निघालं?"

"मांगराचं," मी म्हटलं.

ओले कपडे त्या दिवशी आतच, खुर्च्यांच्या पाठींवर टाकले.