मिशनच्या शाळेत शिकलेले धर्मशास्त्री

भारतरत्न पां. वा. काण्यांनी धर्मशास्त्राचा इतिहास लिहिला हे स्पर्धा परीक्षेची पोरं पण घडाघडा सांगतात. पाच खंड, साडेसहा हजारांच्या आसपास पानं, पहिला खंड १९३० ला आला आणि शेवटचा १९६२ ला, आणि १९६३ ला भारतरत्न. पण काणे मॅट्रिक कुठून झाले असं विचारा, बहुतेक लोक पुणं म्हणतील नाहीतर मुंबई. दापोलीतून झाले हो! आणि तेही पाद्र्यांच्या शाळेतून, एस. पी. जी. मिशन हायस्कूल, साल १८९७. म्हणजे श्राद्ध, प्रायश्चित्त, दायभाग (वारसाहक्काची वाटणी) या सगळ्याचा आपल्याकडचा सगळ्यात मोठा इतिहासकार ज्या शाळेत इंग्रजी शिकला ती शाळा काढली होती 'सोसायटी फॉर द प्रोपगेशन ऑफ द गॉस्पेल' या संस्थेने, म्हणजे ख्रिस्ती शुभवर्तमानाचा प्रसार हे जिचं कामच नावात लिहिलंय. मला ही गोष्ट भयंकर आवडते, म्हणून आज हे सगळं लिहायला बसलोय.

आता बरेच जण समजतात की मिशनरी आधी मुंबईत आले, तिथे बस्तान बसवलं आणि मग हळूहळू कोकणात उतरले. स्कॉटिश लोकांचं उलटं झालं. त्यांचं पश्चिम भारतातलं काम सुरूच मुळात बाणकोटला झालं, १८२३ मध्ये. डोनाल्ड मिचेल म्हणून एक जण होता, आधी कंपनी सरकारच्या लष्करात होता, मग पाद्री झाला. या मंडळींना खरंतर पुण्याला जायचं होतं पण पेशवाई बुडून जेमतेम पाच वर्षं झालेली, पुण्याच्या ब्राह्मणांना कशाला डिवचायचं म्हणून सरकारने नको म्हटलं, मग आले कोकणात. बाणकोट इंग्रजांकडे १७५६ पासूनच होतं त्यामुळे तिथल्या लोकांना साहेब काही नवीन नव्हता. मिचेल बिचारा त्याच वर्षी वारला. पण मागून दुसरे आले, जेम्स मिचेल, क्रॉफर्ड, कूपर, जॉन स्टीव्हन्सन वगैरे, आणि बाणकोट-हर्णैच्या आसपासच्या गावांत त्यांनी मराठी शाळा काढल्या.

या शाळांची गंमत म्हणजे शिकवायला माणसं कुठून आणणार? तर गावातलेच पंतोजी पगारावर ठेवले, त्यातले बरेच ब्राह्मण. म्हणजे शेंडी-जानव्याचे पंतोजी पोरांकडून ख्रिस्ती प्रश्नोत्तरी पाठ करून घेतायत आणि महिन्याला साहेबाकडून पगार घेतायत, कोणालाच त्यात काही वावगं वाटत नाही. पगार मिळतोय, पोरं अक्षरं शिकतायत, साहेब खूश. कोकणी माणूस किती प्रॅक्टिकल आहे याचा याहून चांगला पुरावा मला तरी सापडलेला नाही.

स्टीव्हन्सनबद्दल थोडं सांगतो. मिशनरी म्हणून आलेल्या या माणसाने पुढे मराठीचं व्याकरण लिहिलं आणि सामवेदाचं इंग्रजी भाषांतर केलं, १८४२ मध्ये. म्हणजे बायबल द्यायला आले आणि वेद वाचत बसले. आणि जॉन विल्सन, ज्याच्या नावाचं विल्सन कॉलेज चौपाटीवर आहे, तो १८२९ ला बायकोबरोबर मुंबईला उतरला आणि मराठी शिकायला कुठे आला, तर आमच्या हर्णैला! तिथे काही महिने काढून मग मुंबईला गेला. बायको मार्गारेट, तिने मुंबईत लगेच मुलींच्या शाळा सुरू केल्या, आणि १८३२ ला विल्सनने मुलांसाठी इंग्रजी शाळा काढली, तिचंच पुढे हायस्कूल आणि कॉलेज झालं. आज हर्णैला लोक जातात ते मासळीचा लिलाव बघायला आणि सुवर्णदुर्गाला, ते बरोबरच आहे, पण विल्सन कॉलेजवाल्यांनी तरी बंदरावर उभं राहून एकदा आठवण काढायला हरकत नाही.

मग धर्मांतराचं काय? हा प्रश्न येणारच, आणि तो टाळून मिशनच्या शाळांवर लिहिणं मला पटत नाही. हेतू तोच होता, लपवलेलाही नव्हता. विल्सनच्या मुंबईतल्या शाळेत १८३९ ला पारशी मुलांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा हलकल्लोळ झाला, पालकांनी पोरं धडाधड काढून घेतली. १८४३ ला श्रीपत शेषाद्रीचं प्रकरण झालं. त्याचा मोठा भाऊ नारायण ख्रिस्ती झाला होता आणि हा लहानगा त्याच्या मागोमाग मिशनऱ्यांकडे राहायला गेला, तर बाप कोर्टात गेला आणि कोर्टाने पोरगं बापाच्या ताब्यात दिलं. पण पुढचा घोळ मोठा होता, हा मुलगा पाद्र्यांच्या घरी जेवला, आता याला जातीत परत घ्यायचं की नाही? तेव्हा त्याच्या बाजूने उभे राहिले बाळशास्त्री जांभेकर, आपल्या देवगड तालुक्यातल्या पोंभुर्ल्याचे, मराठी पत्रकारितेचे जनक. शुद्ध करून घेता येतं असं त्यांचं म्हणणं आणि त्यावरून मुंबईच्या ब्राह्मणांत उभे दोन तट पडले. कुठल्याही मिशन शाळेच्या इतिहासात ही भीती अशी दबा धरून असायची, एखाददुसरा बाप्तिस्मा झाला की वर्ग ओस, मग वर्ष-दोन वर्षांनी पालक हळूच परत. कारण मॅट्रिक तर करायचंच होतं ना.

आणि मॅट्रिक करणं, साधी परीक्षा देणं सुद्धा, त्या काळी कोकणात काय प्रकरण होतं हे बघायचं तर दापोलीजवळच्या मुरुडच्या धोंडो केशव कर्व्यांचं उदाहरण घ्या. १८७५, सतरा वर्षांचं पोर, परीक्षेला मुंबईला जायचं तर पावसाळ्याचा समुद्र, गलबतं बंद. मग साताऱ्याचं केंद्र घेतलं आणि चार पोरं पावसात घाट चढून चालत साताऱ्याला गेली. तिथे साहेबांनी कर्व्यांकडे बघितलं आणि म्हणाले हा सतरा वर्षांचा दिसत नाही, बसू देणार नाही. झालं, परत मुरुड! पुढे त्यांनी मुंबईत रॉबर्ट मनी स्कूलमधून मॅट्रिक केलं, आणि ती शाळाही मिशनचीच. हे वाचलं की दापोलीसारख्या ठिकाणी हायस्कूल निघणं म्हणजे आजूबाजूच्या पोरांसाठी काय असेल याचा अंदाज येतो. धर्म नंतर बघू, आधी पोराला घाट तरी चढावा लागत नाही, एवढा हिशोब कुठल्याही बापाने केला असेल.

दापोली म्हणजे तेव्हाची कॅम्प दापोली, १८१८ नंतर इंग्रजांनी इथे लष्करी तळ टाकला, पुढे पलटणी गेल्या तरी पेन्शनर राहिले. हवा चांगली. तिथेच ही मिशनची शाळा. तिच्या हेडमास्तरांपैकी आल्फ्रेड गॅडने यांचं नाव शाळेला लागलं आणि आजही आहे, ए. जी. हायस्कूल. शाळेतून शिकून गेलेल्या पोरांना सुद्धा ए. जी. म्हणजे काय हे विचारा, दहातले पाच डोकं खाजवतील.

आमचे अण्णा, म्हणजे आजोबा, कोकणातल्याच एका मिशनच्या हायस्कुलात शिकले. त्यांच्याकडून ऐकलेलं म्हणजे पहिला तास बायबलचा, आणि त्या तासाला पोरं उशिरा पोचायची ती मुद्दाम की खरंच लांबून चालत यायची म्हणून, हे अण्णांनी शेवटपर्यंत नीट सांगितलं नाही. पण प्रभूची प्रार्थना त्यांना अख्खी पाठ होती आणि रामरक्षा म्हणून झाल्यावर कधी मूड असला तर ती पण म्हणून दाखवायचे, त्याच चालीत! आजी चिडायची. पाद्र्यांबद्दल त्यांच्या मनात अढी अजिबात नव्हती, इंग्रजी व्याकरण घोटून घेतलं ते त्यांनीच हे कायम सांगायचे. ड्रिल, खेळ, वेळेवर घंटा, पांढरा स्वच्छ सदरा, हे सगळं अण्णांनी आयुष्यभर सांभाळलं. आणि शिमग्याला वर्ग रिकामे पडायचे, तिथे कुठल्याच साहेबाचं काही चालायचं नाही.

एक मात्र खटकतं ते लिहितो. मिशनच्या शाळा म्हटल्या की आपण काण्यांचं नाव घेतो, साने गुरुजींचं घेतो. पालगडचे साने गुरुजी पण दापोलीच्या मिशनच्या शाळेत होते, पुढे परिस्थितीमुळे औंधला गेले. पण त्याच दापोलीत, १८९० च्या दशकात, लष्करातून निवृत्त झालेले महार पेन्शनर आपल्या पोरांना म्युनिसिपालटीच्या शाळेत घ्या म्हणून अर्जावर अर्ज करत होते आणि पोरांना बसायला मिळाला तो व्हरांडा. अस्पृश्यतेविरुद्ध लढणारे गोपाळबाबा वलंगकर दापोलीतच राहायचे, त्यासाठीची अनार्य दोष परिहारक मंडळी ही संस्था त्यांनी इथूनच चालवली. बाबासाहेबांचे वडील रामजी सुभेदार पेन्शन घेऊन काही काळ दापोलीच्या कॅम्पातच होते. लष्करातल्या शाळांत शिकून आलेली ही माणसं, लिहिता-वाचता येणारी, आणि त्यांची पोरं व्हरांड्यात. म्हणजे एकीकडे वकिलाचा मुलगा पाद्र्याकडून शिकून घरी येतो आणि त्याचा धर्म बुडत नाही, आणि शेजारी सुभेदाराचं पोर वर्गात आलं तर मात्र सगळ्यांचा बुडतो. मुली तर या हिशोबात कुठेच नाहीत. दापोलीच्या शिक्षणाचा इतिहास सांगताना हा व्हरांडा वगळून सांगणारे मला आवडत नाहीत, मग ते पाद्र्यांचे गोडवे गाणारे असोत नाहीतर शिव्या देणारे.

मिशनला जे पाहिजे होतं ते दापोलीच्या बाजूला फारसं मिळालं नाही, चर्च किती राहिली आणि शाळा केवढी चालली हे बघा म्हणजे कळेल. त्या शाळेत बसलेल्या एकाने स्मृतिग्रंथ पालथे घातले, दुसऱ्याने १९४७ ला पंढरपूरचं देऊळ सगळ्यांना उघडं व्हावं म्हणून प्राणांतिक उपोषण केलं. याचं श्रेय शाळेला द्यायचं का? मी देणार नाही, माणसं मोठी होती. पण दरवाजा कोणी उघडून दिला तेवढं सांगायला काय जातं.

बरं, एक काम आहे. तुमच्या घरी माळ्यावर आजोबा-पणजोबांच्या ट्रंकेत मिशनच्या शाळेचा जुना दाखला, ग्रुप फोटो, बक्षीस मिळालेलं पुस्तक असं काही असेल तर आधी मोबाइलवर त्याचे फोटो काढून ठेवा, प्लास्टिकमध्ये बांधून ठेवू नका, दमट हवेत आतल्या आत बुरशी येते. आमच्या अण्णांचा दाखला वाळवीने अर्धा खाल्लाय, हेडमास्तरांची सही तेवढी शाबूत आहे. काही सापडलं तर मला पण पाठवा, दापोलीचं असेल तर आधी.