‘इतर’मध्ये मोडणारे माझे ससे

‘मोठी जनावरं : रोज ५० ग्रॅम. कोंबड्या : एक टन खाद्यात ५०० ग्रॅम. इतर : तज्ज्ञांच्या सल्ल्यानुसार.’

हे एका हर्बल सप्लिमेंटच्या पाकिटावर छापलेलं प्रमाण. माझे ससे त्यातल्या ‘इतर’मध्ये येतात. या एका शब्दाने माझे अकरा दिवस खाल्ले आणि अजून आठवलं की डोकं फिरतं, म्हणून लिहून टाकते.

सशांना खरूज आली कशी, ते आधी दोन ओळींत. नवीन आणलेला नर मी वेगळा न ठेवता सरळ रांगेतल्या पिंजऱ्यात सोडला. चूक माझीच. काही आठवड्यांतच चार-पाच सशांच्या कानांत पापुद्र्यासारख्या तपकिरी खपल्या आणि सात नंबरच्या मादीच्या नाकाच्या कडेला, ओठांवर, पुढच्या पायांच्या बोटांवर चुना फासल्यासारखा पांढरा थर. डॉक्टरांनी खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं. कानांतले किडे सोरोप्टिस जातीचे, हे कातडीच्या वर राहतात. सात नंबरचे सारकोप्टिस, हे कातडीत बोगदे करून राहतात. सगळ्याच सशांना, ज्यांना काही दिसत नव्हतं त्यांनाही, आयव्हरमेक्टिनचं इंजेक्शन झालं आणि १४ दिवसांनी पुन्हा. पुन्हा का, तर हे औषध अंड्यांवर चालत नाही. पहिल्या वेळी अंड्यात लपलेले दुसऱ्या वेळी सापडतात. दोन्ही इंजेक्शनं विनातक्रार पार पडली, त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही.

प्रश्न पुढचा होता. किडे मेले, खाज थांबली, पण सात नंबर काठीसारखी झाली होती. २ किलो ९०० ग्रॅमची मादी २ किलो ३१० वर आलेली. ओठ दुखत असल्यामुळे तिने कित्येक दिवस नीट चावलंच नव्हतं. पाठीवरून हात फिरवला की मणके मोजता यायचे. डॉक्टर म्हणाले, “आता अंगात भरू दे. वाटलं तर एखादं हर्बल सप्लिमेंट द्या, भूक सुधारेल.” मी आणलं. चांगलं जाड चकचकीत पाकीट, वर गाय, कोंबडी, बकरी आणि कोपऱ्यात चक्क एक ससा. त्या सशावर विश्वास ठेवून मी ते घेतलं.

मागे बारा वनस्पतींची नावं, सगळी लॅटिन. कोणती किती, याचा पत्ता नाही. शेवटी ‘बेस : क्यू. एस.’ म्हणजे ‘पुरेल इतका’. कशाला पुरेल? आणि पुढे ते तीन ओळींचं प्रमाण.

पाकिटावरच्या नंबरवर फोन केला. “मॅडम, पूर्ण हर्बल आहे, काही साइड इफेक्ट नाही, कितीही दिलं तरी चालतं.” कितीही चालतं तर गाईला ५० ग्रॅम कशाला छापलंत, असं विचारल्यावर पलीकडे शांतता, मग “टेक्निकल टीम कॉल करेल.” दोन दिवस वाट पाहिली. तिसऱ्या दिवशी मीच केला. “ससे पेट आहेत की फार्मचे?” फार्मचे. “किती आहेत?” सव्वीस. “ओके मॅडम, नोट केलंय.” पाचव्या दिवशी ईमेल करायला सांगितला, लेबलचा फोटो जोडून. आठव्या दिवशी उत्तर आलं. उघडलं तर त्यात त्याच लेबलचा, जरा जास्त स्वच्छ छापलेला फोटो. मी पाठवला त्याहून चांगला दिसत होता, हे कबूल करते.

डॉक्टरांना विचारलं तर ते म्हणाले, “आत काय किती आहे ते कंपनी सांगेल तेव्हा मी प्रमाण सांगेन.” बरोबरच होतं त्यांचं. कंपनी म्हणाली, “प्रमाण तुमचे डॉक्टर सांगतील.” ‘तज्ज्ञांच्या सल्ल्यानुसार’ छापलं होतं, तो तज्ज्ञ त्या दोघांच्या मधल्या रिकाम्या जागेत कुठेतरी बसलेला असावा.

मग मी स्वतः वही घेऊन बसले. कोंबडीच्या हिशेबाने, एक टनाला ५०० ग्रॅम म्हणजे किलोला अर्धा ग्रॅम. माझा ससा दिवसाला साधारण १२० ग्रॅम गोळी खाद्य खातो, म्हणजे त्याच्या वाट्याला ०.०६ ग्रॅम. गाईच्या हिशेबाने, ४०० किलोच्या गाईला ५० ग्रॅम, तर अडीच किलोच्या सशाला ०.३१ ग्रॅम. एकच पाकीट, एकच ससा, आणि दोन उत्तरांत पाचपट फरक! शिवाय गाईच्या पोटात आधी रवंथाचा कारखाना आहे, आलेलं सगळं तिथल्या जंतूंच्या हातून जातं. सशाचं तसं नाही. त्याचा आंबवण्याचा कारखाना मागच्या बाजूला, मोठ्या आतड्याच्या तोंडाशी. त्यामुळे वजनाने भाग देऊन गाईचा सशाला डोस काढता येत नाही, हेही मला आकडेमोड संपल्यावरच सुचलं.

बारा नावं एकेक करून शोधली. सातवं ‘एलियम सॅटिव्हम’. लसूण! कांदा-लसणाच्या कुळातल्या गोष्टी जास्त झाल्या तर सशाच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. चिमूटभर आहे की निम्मं पाकीट तेच आहे, हे कळल्याशिवाय ‘कितीही दिलं तरी चालतं’ हे वाक्य किती भयंकर आहे बघा.

तरीही मी दिलं. हो, एवढं सगळं करून दिलं, कारण मादी रोज डोळ्यांसमोर वाळत होती आणि मला काहीतरी केल्यासारखं वाटायला हवं होतं. कमीतला कमी आकडा धरून दोन दिवस गोळी खाद्यात मिसळलं. तिसऱ्या सकाळी भांडं रिकामं करायला घेतलं तर तळाशी हिरवट भुकटीचा थर, आणि त्यात तिच्या नाकाच्या वाफेने झालेल्या बारीक गुठळ्या. ससा भुकटी खात नाही! गोळ्या ओठांनी वेचून घेतो आणि खालचा भुगा ठेवून देतो. वर तो भुगा नाकात जाऊन तिला शिंका येत होत्या. अकरा दिवस मी ज्या वस्तूचं प्रमाण शोधत होते ती तिच्या पोटात जातच नव्हती.

पाणी शिंपडून भुकटी गोळ्यांना चिकटवायचा सल्ला एकाने दिला. करू नका. ओलं गोळी खाद्य लवकर आंबतं, बुरशी धरतं, आणि सशाला उलटी करता येत नाही, त्यामुळे पोटात गेलेलं गेलं.

पाकीट बाजूला ठेवलं त्या दिवसापासून गाडी रुळावर आली, आणि ती आणली साध्या सुक्या गवताने. कोरडं, धूळ नसलेलं गवत दिवसरात्र समोर हवं. सशाचं आतडं तंतूंवर चालतं. औषधी पाला वगैरे सगळं त्याच्यानंतर. ती चावायला लागल्यावर मग शेवग्याची एक कोवळी डहाळी, जरा सुकवून, पान न तोडता तशीच अडकवली. भुकटीकडे ढुंकून न बघणारी ही बाई डहाळीचा देठसुद्धा ठेवेना. शेवग्याच्या वाळलेल्या पाल्यात वजनाच्या पाव भागाच्या आसपास प्रथिनं असतात, आणि नवे केस यायला तीच लागतात. केस म्हणजे प्रथिनंच, तीही गंधक असलेल्या अमिनो आम्लांची. पण त्यात कॅल्शियमही भरपूर. सशाचं शरीर खाल्लेलं कॅल्शियम बेधडक शोषून घेतं आणि जास्तीचं लघवीतून टाकतं, म्हणून डहाळी एकच. लसूणघास (हा चारा, लसूण नव्हे) चालू असेल तर डहाळीच्या दिवशी तो बंद. लघवी वाळल्यावर खडूसारखा जाड थर दिसायला लागला की समजा, हात सैल सुटलाय.

पाच दिवस लेंड्या नीट राहिल्या तेव्हाच जवस सुरू केलं, भरड, रोज पाव चमचा. जास्त तेलाने लेंड्या सैल होतात. एका वेळी एकच नवी गोष्ट द्या, नाहीतर बिघडलं तर कुणामुळे ते कळत नाही. बारा वनस्पतींच्या पाकिटाची खरी अडचणही हीच आहे.

कडुनिंबाचा पाला घाला, हे मला प्रत्येकाने सांगितलं. घातला. सात नंबरने हुंगला, पाठ फिरवली आणि मागच्या पायाने भांडं उलटं केलं. कडू आहे, मुळात भूक मेलेल्या जनावराला तो कशाला? आणि कातडीच्या बोगद्यात बसलेला किडा खुराकातल्या पाल्याने मरत नाही. आधी औषध, मग पाला. माझ्या ओळखीत एकाने उलटं केलं आणि त्याचे निम्मे ससे खरजेने झाकले गेले.

आठवलं तसं लिहिते आहे, तर हेही. कानातल्या खपल्या ओढून काढू नका. खाली कातडी सोललेली असते, ससा किंचाळतो, आणि इंजेक्शननंतर त्या आपोआप गळून पडतात. अंघोळ अजिबात नाही, ससा गारठतो आणि घाबरून खाणं सोडतो. कुत्र्यांच्या गोचिडांवरचं फिप्रोनिल घरात पडलंय म्हणून सशाला लावू नका, त्याने ससे मरतात. जाळीचे पिंजरे मी रिकामे करून ज्योतीने भाजून घेतले. लाकडी पेट्या फटींसकट उकळत्या पाण्याने धुऊन उन्हात टाकल्या आणि आतलं गवत जाळलं, कारण हे किडे सशाशिवायही काही दिवस तग धरतात. माझ्या मनगटावर आठवडाभर खाज सुटली होती, ती आपोआप गेली, पण तेव्हापासून बाह्या लांब. मांसासाठी विकत असाल तर औषधानंतर किती दिवस थांबायचं ते डॉक्टरांना विचारून पिंजऱ्यावरच तारीख लिहा. डोक्यात ठेवलेली तारीख सोयीप्रमाणे पुढेमागे सरकते.

वजन मात्र रोज करा, सकाळी खुराकाआधी, त्याच काट्यावर. सात नंबरचा पहिला आठवडा जवळजवळ जागच्या जागी गेला आणि मी पुन्हा त्या पाकिटाकडे बघायला लागले होते. दहाव्या दिवशी २ किलो ३८०. एकविसाव्या दिवशी २ किलो ५५०, आणि नाकाच्या कडेला, जिथे चुना होता तिथे, बोट उलटं फिरवलं तर टोचतील इतके आखूड नवे केस. मी ते बोट दिवसातून चारदा फिरवत होते, तिला ते आवडत नव्हतं.

आणि हो, एकदा तिची लघवी लाल-केशरी दिसली. मी रक्त समजून डॉक्टरांना पहाटे उठवलं. पाल्यातल्या रंगद्रव्यांनी सशाची लघवी अशी होते, त्यांनी तपासून सांगितलं रक्त नाही. त्याआधी तिला लाल माठाची पानं मीच घातली होती, हे मी त्यांना फोन ठेवल्यावर आठवलं.