गिधाडं परत येतील का?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. गिधाडांच्या मागे हिंडतो म्हटल्यावर मोठी माणसं हमखास विचारतात, ‘पूर्वी ढोर मेलं की आभाळ भरून यायचं, ती परत येतील का हो?’ येतील, असंच मला वाटतं. पण आपल्या घाईनं नाहीत.

आभाळ भरायचं कसं, ते आधी बघा. आपली गिधाडं वासावर नाही, नजरेवर जगतात. उंचावर दूरदूर पसरून घिरट्या घालताना प्रत्येकाचं लक्ष जमिनीवर असतं, तसंच शेजाऱ्यावरही. एक खाली झेपावलं की शेजारचं वळतं, त्याला पाहून पलीकडचं. बघता बघता एका ढोरावर शे-पन्नास गिधाडं जमतात आणि हाडं तेवढी उरतात. (माणसाच्या हावरेपणाला आपण यांचं नाव देतो, ते मला कधीच पटलं नाही.)

याच एकत्र जेवणानं घात केला. गुरांचं दुखणं, सूज उतरवायला डायक्लोफेनॅक सर्रास टोचलं जाऊ लागलं. औषध दिल्यावर एक-दोन दिवसांत जनावर दगावलं, तर ते मांसात उरतं. गिधाडाचं मूत्रपिंड त्यानं निकामी होतं, युरिक आम्ल साचतं आणि काळीज-यकृतावर खडूसारखा पांढरा थर चढतो. हे कारण २००४ मध्ये जगापुढे आलं, तोवर फार उशीर झाला होता. १९९२ ते २००७ या काळात भारतातली पांढऱ्या पाठीची गिधाडं ९९.९ टक्क्यांनी घटली. शंभरात एकाहूनही कमी मृत जनावरांत हे विष असलं, तरी एवढा संहार होऊ शकतो, असा हिशेब शास्त्रज्ञांनी मांडला. एक ढोर, आणि पंगतीला अख्खा थवा!

भरून निघणं मात्र फार संथ. जोडी वर्षाला एकच अंडं घालते. त्यातून निघालेलं पिल्लू स्वतः वीण करायला साधारण पाच वर्षं घेतं. म्हणून एक जाणतं गिधाड गेलं की माझ्या पोटात खड्डा पडतो.

जनावरांसाठी डायक्लोफेनॅकवर २००६ मध्ये बंदी आली. तरी माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या गोठ्यात पोचत राहिल्या, म्हणून २०१५ मध्ये तीन मिलिलिटरची मर्यादा घातली गेली. गिधाडांना तशीच घातक ठरणारी केटोप्रोफेन आणि अ‍ॅसिक्लोफेनॅक ही औषधंही जनावरांसाठी २०२३ मध्ये बंद झाली.

हरियाणातल्या पिंजोरच्या गिधाड प्रजनन केंद्रात वाढवलेली वीस गिधाडं जानेवारी २०२४ मध्ये ताडोबा आणि पेंचला आणली. सोडण्याआधी त्यांना तिथल्या मोठ्या पिंजऱ्यांत ठेवलं, परिसराची सवय व्हावी म्हणून. पण जंगलाची हद्द गिधाडाला कुठली ठाऊक असणार? एका दिवसात ते कितीतरी गावं ओलांडतं आणि जिथे ढोर दिसेल तिथे उतरतं. ते ढोर तुमच्या गोठ्यातलंही असू शकतं. म्हणून बैलाच्या पायाला सूज आली, तर डॉक्टरांना विचारा, ‘मेलॉक्झिकॅम चालेल का?’ ते गिधाडांना बाधत नाही.