व्हॉल्व्ह हलायच्या आधीच तापलेलं पाणी

स्टेप टेस्टला, म्हणजे व्हॉल्व्ह एकदम थोडा हलवून तापमान कसं बदलतं ते बघायला, फार काही लागत नाही. कंट्रोलर मॅन्युअलला टाकायचा, तापमान स्थिरावलं की स्टीमचा व्हॉल्व्ह ४० वरून ४५ टक्क्यांवर न्यायचा आणि हाताची घडी घालून बसायचं. आमच्या हीट एक्स्चेंजरचं पाणी ६२ अंशांवरून ६८ वर जाऊन थांबलं. "पाच टक्क्यांच्या वर नको हां मॅडम, पुढे रिअ‍ॅक्टर आहे," एवढं शिफ्ट इन्चार्ज साहेबांनी बजावलं, लॉगबुकात एक ओळ खरडली, झालं. चालू प्लांट हलवायला तेवढी परवानगी पुरली.

कंट्रोलर नीट जुळवायला मला तीनच आकडे हवे होते: गेन (व्हॉल्व्ह टक्काभर हलला की तापमान किती बदलतं), डेड टाइम (व्हॉल्व्ह हलल्यावर तापमान हलायला लागेपर्यंतचा वेळ) आणि टाइम कॉन्स्टंट (तिथून पुढे एकूण बदलाचा ६३.२ टक्के भाग व्हायला लागणारा वेळ). हिस्टोरियनमधून, म्हणजे प्लांटची मोजमापं साठवणाऱ्या सर्व्हरवरून, डेटा एक्सेलमध्ये उतरवला, आलेख काढला, तर व्हॉल्व्ह हलायच्या आधीच पाणी तापायला लागलेलं! आलेखाला जुळणारे आकडे शोधणारा एक्सेलचा सॉल्व्हर बिचारा डेड टाइम उणे दाखवत होता.

कारण असं की सर्व्हर तापमान अर्ध्या अंशाने बदललं तरच नोंद ठेवायचा. मधला काळ कोरा. एक्सपोर्ट करताना दोन नोंदींमध्ये तो सरळ रेघ ओढून मोकळा होई. आधीची नोंद टेस्टच्या कितीतरी आधीची, पुढची अर्धा अंश वाढल्यावरची, आणि मधली तिरपी रेघ म्हणजे आमचा 'डेटा'. त्यात मिनिटाला एकच ओळ. डेड टाइमच मिनिटाच्या आत, तो सापडणार कुठून? कागदी चार्ट रेकॉर्डर असता तर पेन गुमान सरळ चाललं असतं, कोणाची सही न लागता.

कारण इथे सही लागते. हिस्टोरियनमधल्या दोन टॅगांची, म्हणजे दोन मोजमापांची, सेटिंग बदलायची तर एमओसीचा (मॅनेजमेंट ऑफ चेंज, प्लांटमधल्या बदलाच्या परवानगीचा) फॉर्म. उत्पादन, इन्स्ट्रुमेंटेशन, सेफ्टी, आयटी, चौघांच्या सह्या. आयटीचं म्हणणं, "स्क्रीनवर ट्रेंड तर छान दिसतोय की!" मग डिस्कवर ताण येईल अशी शंका. दोन टॅग, एक तास, सेकंदाला एक ओळ म्हणजे ७२०० ओळी. मोबाइलचा एक फोटोही याहून जड असतो, पण हे लेखी द्यावं लागलं. फॉर्मवर एक रकाना होता: 'या बदलामुळे आग वा स्फोटाचा धोका वाढतो का?' मी 'लागू नाही'वर खूण केली. फॉर्म परत आला, शेरा: 'कारण नमूद करावे.' मी लिहिलं, 'जास्त ओळी साठवल्याने स्टीमचा दाब वाढत नाही.' ते विनातक्रार मंजूर झालं. मग एक सहीवाले रजेवर, आणि फाइल त्यांच्या ट्रेमध्ये. रोज जाताना मला ती दिसायची, माझ्याच हिरव्या टॅगसकट.

तेव्हा टेस्ट घेण्याआधी हिस्टोरियनचा डेडबँड, म्हणजे किती बदल झाला तरच तो नोंद ठेवतो, ते विचारून घ्या. सगळ्यात आधी हेच.

सही मिळाल्यावर टेस्ट पुन्हा घेतली. एकूण बदलाच्या २८.३ टक्के, म्हणजे ६३.७ अंश, ६८ सेकंदांना आले, ६३.२ टक्के, म्हणजे ६५.८ अंश, १२४ सेकंदांना. फरकाची दीडपट ८४ सेकंद हा टाइम कॉन्स्टंट, १२४ मधून तो वजा केला की ४० सेकंद डेड टाइम. गेन टक्क्याला १.२ अंश. हे आकडे सॉल्व्हरला सुरुवातीचे म्हणून द्या, नाहीतर तो भलतीकडेच भरकटतो. डेड टाइम तर त्याच्या हाती देऊच नका. ३०, ३५, ४०, ४५ असा आपण धरायचा, बाकीचे दोन त्याला शोधू द्यायचे आणि मोजलेलं आणि हिशेबाने आलेलं तापमान यांतल्या फरकांच्या वर्गांची (स्क्वेअरची) बेरीज सर्वांत कमी कुठे येते ते बघायचं.

हो, आणि डेटामधून सुरुवातीचे ६२ अंश व ४० टक्के आधी वजा करा. स्टेप खालीही देऊन बघा. दिशा बदलल्यावर पहिला बदल लहान आला तर व्हॉल्व्हमध्ये ढिलाई आहे असं समजा. मग मोजायच्या स्टेपआधी त्याच दिशेने एक हलका धक्का द्यायचा.

पुढे कंट्रोलर जुळवण्याच्या स्कोगेस्टाड यांच्या २००३ च्या नियमाने कंट्रोलरचा गेन (तापमान अंशभर चुकलं की व्हॉल्व्ह किती टक्के हलवायचा) ०.८७५ आणि इंटिग्रल टाइम (उरलेली चूक किती वेगाने भरून काढायची ते ठरवणारा आकडा) ८४ सेकंद आला. लूप, म्हणजे तापमान, कंट्रोलर आणि व्हॉल्व्ह यांची साखळी, आता झोके घेत नाही, याचा मला रास्त अभिमान आहे.

फॉर्मवर मात्र 'कायमस्वरूपी'लाच खूण करा. 'तात्पुरता' निवडलं की मुदत संपल्यावर डेडबँड परत अर्धा अंश, आणि पुढच्या लूपला त्याच चार सह्या.